कोरफड कापायची की पाहायची?

परभणीत घरापुढं अंगण असो वा नसो, कोरफड असते. नव्या वसाहतीतल्या बंगल्याच्या फाटकाशी रंगवलेल्या कुंडीत, जुन्या गल्लीत पत्र्याच्या घरापुढं फुटक्या बादलीत, नाहीतर दुकानाच्या चौकटीला काळ्या दोऱ्यानं उलटी टांगलेली. रोपवाटिकेतून ती विकत आणणारे थोडेच. बहुतेकींची कोरफड शेजारणीकडून आलेली असते आणि तिचं पिल्लू पुढच्या शेजारणीकडं जातं. अशा फुकटच्या झाडावरून दोन शहाण्या माणसांनी अख्खी दुपार भांडावं, हे नवलच. आमच्या घरी ते झालं.

एका बाजूला आमची सौभाग्यवती. घरातली वस्तू कशाच्या ना कशाच्या कामी आलीच पाहिजे, हा तिचा धर्म. दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ. तो जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या बाजूला मुरमाड रानात शेती करतो. कुणालाही वाटेल, शेतकरी उपयोगाचं बोलणार आणि शहरातली बाई शोभेचं. इथं नेमकं उलटं होतं. दोघं एकमेकांना ज्या नावानं हाक मारतात तीच नावं खाली ठेवली आहेत. मी मध्ये बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो.

वहिनी : भाऊजी, शेतावर एवढी जाडजूड पानं वाढवलीत आणि एकही कापलं नाहीत? आमच्याकडं असती तर निम्मी एव्हाना डोक्याला लागली असती.

भाऊजी : म्हणूनच तुमच्या कुंडीतली तशी दिसती. बघा की, एक पान धड नाही. ज्याला जेवढं लागलं तेवढं टोक छाटलं आणि खालचं थोटूक वाळत ठेवलं. मधला कोंब तेवढा जीव धरून आहे.

वहिनी : मग काय जावयासारखी नुसती बसवून ठेवू तिला? औषधाचं झाड आहे ते. आमच्या आईनं त्याच कोरफडीवर आमचे खोकले काढले, भाजलं-पोळलं निभावलं.

भाऊजी : औषधाचं, उपयोगाचं मला नका सांगू. वीस गुंठे लावून बसलो होतो मी. गाडीतून एक माणूस आला. रोपं त्याच्याकडूनच घ्यायची, पानं तोच उचलणार, कागदावर सही-शिक्का. रोपांचे पैसे रोख मोजून नेले. पानं हातभर झाली तेव्हा त्याचा फोन लागंना.

वहिनी : दुसरा कुणी घेणारा मिळाला असता की.

भाऊजी : तिथंच तर गोम आहे. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव आला की मानवतला नेता येतो. तूर ठेवता येती. कोरफडीच्या गरात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणी. पान कापलं की लवकर गर काढून थंड ठेवावा लागतो, नाहीतर तो तपकिरी पडतो, पातळ होतो. प्रक्रियेचा कारखाना जवळ नसला तर निस्तं पाणी ट्रकात भरून शे-दोनशे किलोमीटर हिंडवायचं. डिझेलचेसुद्धा पैसे निघत नाहीत.

वहिनी : पण राजस्थानात एका गावानं करून दाखवलंच ना? पिपलांत्री. मुलगी जन्मली की 111 झाडं लावतात, आणि त्या झाडांच्या बुडाशी कोरफड लावतात, वाळवी लागू नये म्हणून.

भाऊजी : लावतात ना. ते सुरू करणाऱ्या श्यामसुंदर पालीवालांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पण त्या गावानं आधी झाडं वाढवली, कोरफड भरमसाट झाल्यावर तिचा रस, जेल गावातच काढायला सुरुवात केली. पान विकायला ते कुणाच्या गाडीची वाट बघत बसले नाहीत. आमच्याकडं गणित उलटं. आधी सही, मग रोपं, आणि कारखाना कुठंय ते कुणालाच ठाऊक नाही.

(मराठवाड्यात असा कागद पुढं करणारी गाडी आली तर एकच विचारावं : पान कुठल्या गावातल्या कारखान्यात जाणार, आणि तो कारखाना उद्या सकाळी बघायला मिळेल का? उत्तर लांबलं की चहा पाजून वाटेला लावावं.)

वहिनी : मग पुढं काय केलंत वीस गुंठ्यांचं?

भाऊजी : नांगर घातला. उपटलेली रोपं विहिरीकडच्या बांधावर फेकली. मुळं वर, पानं खाली, पाण्याचा थेंब नाही. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ तशीच पडून. पानं वाळून पातळ झाली, लालसर पडली. मिरगाचा पाऊस झाला आणि आडवी पडलेली रोपं तिथंच मुळं सोडून उभी राहायला लागली. ज्या झाडानं मला खड्ड्यात घातलं त्याच्याकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

वहिनी : बांधावर फेकलेली जगते, आणि माझी अंगणात लावलेली भादव्यात सडते. दरवर्षी!

भाऊजी : तुमच्या अंगणातली जमीन बघा. गोदावरी-दुधनेकडची ही काळी, भारी जमीन. पावसात पाणी धरून बसती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस-सोयाबीनला सोनं आहे ती. पण कोरफडीची मुळं उथळ असतात, त्यांना हवा लागती. चिखलात चार-सहा दिवस बसली की गड्डा मऊ पडतो. वरून पान हिरवंगार, आणि बुडाशी बोट लावलं की बोट आत जातं, घाण वास येतो. तवर सगळं संपलेलं असतं.

वहिनी : मग मुरूम आणून टाकू?

भाऊजी : घमेल्याच्या मापानं सांगतो. दोन घमेली बारीक मुरूम नाहीतर जाडी वाळू, एक घमेलं माती, अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. जमिनीत लावायची तर खड्डा करू नका, वीतभर उंच ढीग करा आणि त्यावर लावा. कुंडी मातीची घ्या, भोक उघडं ठेवा, आणि खाली ती पाणी साठणारी बशी ठेवू नका. पिल्लू आईपासून काढलं की दोन-तीन दिवस सावलीत तसंच पडू द्या, जखम वाळली की मग लावा. लावल्यावर लगेच पाणी घालू नका, आठवडाभर थांबा.

वहिनी : आणि पान खोचलं तर? माझ्या मैत्रिणीनं कुठंतरी व्हिडिओ बघितला होता.

भाऊजी : कोरफडीचं नुसतं पान मातीत खोचलं तर बहुतेक सडतंच. पिल्लंच लावायची.

वहिनी : पाणी किती घालायचं, तेवढं सांगा.

भाऊजी : बोटाची दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर तांब्या घेऊन परत घरात जा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात उघड्यावर असली तर अजिबात नाही.

(‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आमच्या शहराच्या काही भागांत आठवडा-आठवडा नळ येत नाही. माणसं वैतागतात. कोरफडीला मात्र उन्हाळ्यात नगरीचं हे वेळापत्रक चांगलंच मानवतं : नळ आला की तिला तांब्याभर, पुढचा नळ येईपर्यंत विसरून जायचं.)

भाऊजी : आणि विसरायचं म्हणजे पाण्याला विसरायचं. झाडाला नाही. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढावा. खोलीतली कोरफड एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवली तर पानं भाजतात, तांबडी-तपकिरी पडतात. आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पुढं. उलट अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर पानं लांबट, फिकट, लोळणारी होतात.

वहिनी : झालं तुमचं? आता माझं ऐका. बाहेरचं सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं पान मी घेते. टोक नाही छाटत, तुम्ही म्हणता ते पोरींचं काम. माझं असतं तर मी बुडातून अख्खं काढते. मग पान लगेच सोलत नाही. कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवते पंधरा-वीस मिनिटं.

इथं भाऊ पहिल्यांदा गप्प झाला. ती उठून पान घेऊनच आली. कापलेल्या काठाकडं बघावं : पांढरट गर मध्ये असतो, पण पहिला थेंब तिथून येत नाही. हिरव्या सालीच्या लगत आतून पिवळट, उग्र वासाचे थेंब फुटतात आणि पेल्याच्या तळाशी जमतात. फडक्याला लागले की थोड्या वेळात गडद डाग पडतो, तो धुऊनही पुरता जात नाही. हेच वाळवून काळा बोळ होतो. ते सगळं गळून गेल्यावर तिनं काटे उतरवले, साल सोलली, गर दोनदा पाण्यातून काढला. बोटांमधून तार सुटत होती.

वहिनी : हा पिवळा चीक जाऊ दिला नाही तर पोटात कळा येतात, जुलाब लागतात. अंगाला लावला तरी काहींना खाज सुटते. आईनं शिकवलंय, व्हिडिओनं नाही.

भाऊजी : बरोबर आहे तुमचं. त्या चिकातला अलॉइन हा रेचक आहे. अमेरिकेत औषध प्रशासनानं 2002 मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून कोरफड काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तर अख्ख्या पानाचा अर्क कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत घातला. तो अर्क म्हणजे साल-चिकासकट, गाळून न घेतलेला. तुम्ही पेल्यात निथळून घेता ते म्हणूनच शहाणपणाचं. पण सकाळी अनशापोटी अख्खं पान मिक्सरमध्ये फिरवून पिणारे आहेत ना आपल्याकडं, त्यांचं काय?

वहिनी : ते मी नाही करत. गरोदर बाईला तर आमची आई जवळसुद्धा येऊ द्यायची नाही कोरफडीच्या. आणि शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय रस पिऊ नये, साखर आणखी खाली जाते. कोरफडीचं कुमारी आसवही वैद्यानं सांगितलं तरच. पण चुलीवर हात पोळला तर?

भाऊजी : आधी नळाखाली धरा. वीस मिनिटं.

वहिनी : धरतेच. त्यानंतर हा गर. फोड मोठा असेल तर गर नाही, सरळ दवाखाना.

(इथं गुण वहिनींचे. लहानसहान भाजण्यावर कोरफडीचा गर लावला तर जखम लवकर भरते, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. केस लांब होतात, टक्कल जातं, चेहरा उजळतो, याबद्दल मात्र तितकं भरवशाचं काही हाती नाही. हे मी घरात बोललो नाही, इथं लिहितोय.)

वहिनी : आणि आणखी एक. झोपायच्या खोलीत एक कुंडी ठेवावी. कोरफड रात्री ऑक्सिजन सोडते.

भाऊजी : रात्री नाही सोडत. ऐका. आपल्या जवारीची, कापसाची पानं दिवसा छिद्रं उघडून हवा घेतात. कोरफडीनं दिवसा छिद्रं उघडली तर परभणीच्या चव्वेचाळीस अंशांत सगळं पाणी उडून जाईल. म्हणून ती दिवसा छिद्रं बंद ठेवती, रात्री गारव्यात उघडती. रात्री घेतलेला कार्बन वायू ती आंबट रसाच्या रूपात साठवून ठेवती आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करती. ऑक्सिजन तयार होतो तो तेव्हा, उजेडात. रात्री तीही आपल्यासारखाच श्वास घेती.

वहिनी : पण नासानं सांगितलंय, हवा शुद्ध करते म्हणून.

भाऊजी : नासाचा तो अभ्यास 1989 चा. हवाबंद पेटीत झाडं ठेवून केलेला. 2019 मध्ये जुन्या सगळ्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा दिसलं की खिडकी उघडून जेवढी हवा शुद्ध होती तेवढ्यासाठी खोलीच्या चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा.

वहिनी : मग दारावर उलटी टांगतात तीही फसवीच का?

भाऊजी : नजर लागती का नाही ते मला ठाऊक नाही. पण ती टांगलेली कोरफड मला आवडती. मुळाला माती नाही, पाणी नाही, आणि महिने-महिने जगती. ती का जगती ते आत्ताच सांगितलं : दिवसाची छिद्रं बंद, आणि पानात भरलेलं पाणी. नीट बघितलं तर काही दिवसांनी तिच्या पानांची टोकं वर वळलेली दिसतात. उलटी टांगली तरी वरची बाजू कुठली हे तिला कळतंच. कधी कधी तर तशीच फुलती.

वहिनी : त्या बिचारीचं पाणी संपल्यावर?

भाऊजी : मग वाळती. म्हणून मी म्हणतो, टांगायची तर वाळायला लागली की खाली उतरवून मातीत लावा. नजरेसाठी दुसरी टांगा.

त्यावर हिचं म्हणणं, ‘हे झाड आपलंच, ऋषिमुनींच्या काळापासूनचं’. भावानं तेही खोडलं. कोरफडीच्या जातींची वंशावळ तपासून 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ही जात मूळची अरबस्तानच्या टोकाची, ओमानकडच्या कोरड्या डोंगरांतली असावी. ही क्षणभर थांबली आणि म्हणाली, मिरचीही परदेशातून आली, म्हणून तुम्ही ठेचा खायचा सोडलात का? या उत्तरावर मी शेंगांची पाटी बाजूला ठेवून हसलो.

भाऊजी : अजून एक सांगतो, हे हसण्यावारी नेऊ नका. गाड्यावर कोरफड म्हणून काहीही विकतात. पानावर पांढरे ठिपके असले की ‘ओरिजिनल’ म्हणतात. खरी कोरफड लहान असताना तिच्यावर ठिपके असतात, मोठी झाली की बहुतेक जातात. मोठेपणीही ठळक ठिपके, बुटकी, आणि फुलांचा झुबका केशरी-तांबडा असला तर ती दुसरी जात. शोभेची. ती खायची नाही, अंगाला लावायची नाही.

वहिनी : आणि बांधावरचं केकताड?

भाऊजी : ते तर अजिबात कोरफड नाही. घायपात ते, अमेरिकेतनं आलेलं, दोराचं झाड. त्याच्या रसानं अंगाची आग आग होती. ओळखायचं सोपं आहे. पान मोडून बघा. कोरफडीत बुळबुळीत गर निघतो, केकताडात चिवट दोरे. आणि केकताड आयुष्यात एकदा फुलतं आणि मरतं. कोरफड दरवर्षी फुलती.

वहिनी : फुलते? इतकी वर्षं झाली, माझी एकदाही फुलली नाही.

भाऊजी : तुम्ही फुलू द्याल तेव्हा ना! तीन-चार वर्षांचं झाड लागतं, दिवसभराचं ऊन लागतं, आणि अंगावर पानं लागतात. फुलाचा दांडा काढायचा तर झाडाकडं साठा पाहिजे. तुम्ही दर पंधरवड्याला एक पान काढता, ती दांडा कशाच्या जिवावर काढणार?

वहिनी : दांडा म्हणजे किती?

भाऊजी : दोन-अडीच फूट. आमच्या बांधावर थंडी सरता सरता येतो. आधी टोकाला हिरवट कळ्यांची दाट कणसासारखी गुंडी, कळ्या वर तोंड करून. मग खालच्या कळ्या आधी फुगतात, पिवळ्या होतात आणि खाली लोंबायला लागतात. एकावेळी एकाच दांड्यावर खाली उमललेली फुलं, मध्ये पिवळ्या कळ्या, टोकाला हिरव्या. फूल म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी. आणि त्या नळीसाठी शिंजीर येतो. काळानिळा चकाकणारा, अंगठ्याएवढा. दांड्याला उलटा लटकून चोच आत घालतो. एका फुलाला डोळा लवेपर्यंतचा वेळ, की दुसऱ्यावर.

वहिनी : बिया होतात?

भाऊजी : क्वचित. एकाच आईची पिल्लं सगळीकडं लावलेली, त्यांचा परागकण एकमेकांना चालत नाही. सगळ्या परभणीत शेजारणींनी एकमेकींना वाटलेली कोरफड म्हणजे तशी बघितली तर एकच बाई असल, हजार घरांत राहणारी.

ही काही वेळ बोलली नाही. मग विचारलं, ‘फुलल्यावर कापली तर चालते ना?’ भावानं कपाळावर हात मारला.

माझा कौल असा. वापराची कोरफड वेगळी आणि पाहायची वेगळी ठेवावी. वापराच्या कोरफडीला मोठी कुंडी, तिचं बाहेरचं जुनं पान तेवढं बुडातून घ्यावं, पिवळा चीक निथळावा, आणि पोटात घ्यायची तर वैद्य-डॉक्टरला विचारून. पण घरात दुसरी एक अशी असावी जिला सुरी लागणार नाही. आयुर्वेदानं, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी आणि आपल्या काटकसरीनं मिळून या झाडाचं दुकान करून टाकलं आहे, आणि दुकानातला माल कुणी पाहत बसत नाही. जगात कोरफडीच्या पाचशेवर जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी रानातून ओरबाडल्या जाऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालावी लागली. आपल्या घरगुती कोरफडीला तेवढी त्यातून सूट आहे, कारण ती सगळीकडं लावलेलीच आहे. आणि सगळीकडं असते म्हणूनच तिचं फूल आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

तेव्हा पावसाळा संपला की शेजारणीकडून वीतभर पिल्लू मागून आणा. मुरमाच्या उंचवट्यावर, दिवसभर ऊन लागेल अशा जागी लावा. घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा, की ही डोक्याला लावायची नाही. तीन-चार वर्षं थांबावं लागेल. त्यानंतर एखाद्या फेब्रुवारीत दांडा आलाच, तर शिंजिराला जागा सोडून जरा लांब उभे राहा.